दोन माणसांची यादी

वहिनी : नाही, या कॉम्प्युटरला पातळ रेडिएटर चालणार नाही. पंखे मिनिटाला सातशे फेऱ्यांच्या वर न्यायचे नाहीत, असं तूच वाचलंस ना आत्ता? मग पाणी निवणार कशाने? तुझ्या फुंकरीने?

भिंगरी : मी कुठे म्हणतेय वहिनी, गिऱ्हाईक म्हणतंय. मी आपली टपालवाली.

वहिनी : जाड घाल. आणि एक नाही, दोन. एक वर, एक पुढच्या बाजूला. दोन्ही तांब्याचे.

भिंगरी : दोन्ही तांब्याचे कशाला? तो ॲल्युमिनियमचा पडलाय की मांडणीवर. कोरा करकरीत.

वहिनी : आठ वर्षं झाली आपल्याला या खोलीत बसून, आणि तू अजून हे विचारतेस? प्रोसेसरवर बसवायचा ब्लॉक तांब्याचा, आणि त्याच पाण्यात ॲल्युमिनियम? वर्षभरात एक धातू दुसऱ्याला खाऊन टाकेल. बाहेरून सगळं चकचकीत, आणि आत चिखल. तो रेडिएटर त्या भंगारवाल्याला देऊन टाक म्हणून तीनदा सांगितलंय मी.

भिंगरी : बरं बाई. तांब्याचे, जाड, दोन. लिहिलं. पुढे, नळ्या.

वहिनी : एवढी कसली घाई? एरवी यादी करायला बसलीस की गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवतेस, त्याच्या सासऱ्यापर्यंत पोचतेस. आज नुसतं 'बरं, लिहिलं, पुढे'.

भिंगरी : डोकं दुखतंय गं जरा.

वहिनी : मग गोळी घे. नळ्या शेवटी बघू, आधी मला माणूस कळू दे. फॉर्म दे इकडे. हे तर तुझंच अक्षर आहे.

भिंगरी : फोनवर सांगितलं त्यांनी, मी उतरवून घेतलं.

वहिनी : आणि नावाच्या जागी रेघ?

भिंगरी : नाव नको म्हणाले. असतात अशी माणसं. पोचवायला मीच जाणार आहे, तुला काय करायचंय नाव? तुला नळ्या वाकवायच्यात.

वहिनी : प्रयोगशाळेत काचेची भांडी करायचे ना, तेव्हासुद्धा विचारायचे मी, कशासाठी हवंय म्हणून. सगळे वैतागायचे. नळी ती नळी, म्हणायचे. पण आम्ल उकळणाऱ्याची नळी वेगळी आणि नुसतं पाणी तपासणाऱ्याची वेगळी. नाव राहू दे. माणूस दिसला पाहिजे. वाच बघू सगळं पहिल्यापासून.

भिंगरी : आवाज नको. अजिबात नको. खोलीत माइक असतो.

वहिनी : म्हणजे रेकॉर्डिंगवाला. आपल्या घरातलंच दुखणं. तुझ्या दादाच्या जातीचा दिसतोय कोणीतरी. हं, पुढे?

भिंगरी : ग्राफिक्स कार्ड बाजारातलं सगळ्यात मोठं. त्यालाही पाण्याचा ब्लॉक.

वहिनी : थांब. आवाजाचं काम करणाऱ्याला एवढं मोठं कार्ड कशाला? ते चित्रं हलवणाऱ्यांना लागतं. ॲनिमेशनवाल्यांना. याला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट तापेल तेवढं.

भिंगरी : हौस असेल.

वहिनी : हौस नाही. ही दोन माणसं आहेत, भिंगरे. एकाला शांतता हवीय, दुसऱ्याला ताकद. नवरा-बायको असणार. एकाच टेबलावर बसून भांडत यादी केलीय बिचाऱ्यांनी. आणि हे बघ काय लिहिलंय. 'पाणी गळलं तर माझी चित्रं जातील का?' हे त्या पहिल्याचं नाही. तो सगळं माहीत असल्यासारखा बोलतोय. ही घाबरलीय.

भिंगरी : तिला काय सांगायचं ते मी सांगेन.

वहिनी : तू नको, तू तीन शब्दांत उडवून लावतेस. कॉम्प्युटरच्या पोटात पाणी खेळवायचं म्हटल्यावर माणूस घाबरणारच. माझी स्वतःची आई म्हणाली होती, विजेच्या वस्तूत पाणी घालणारी पहिलीच वेडी बघतेय मी. हिला नीट लिही. पाणी चिपला शिवत नाही. चिपवर तांब्याचा बंद ब्लॉक बसतो, पाणी त्याच्या आतून फिरतं, उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत येतं. आणि सगळं जोडल्यावर आम्ही आधी मशीनला वीजच देत नाही. नुसता पंप चालू ठेवतो, सगळ्या सांध्यांखाली कोरा कागद अंथरतो, आणि एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र कागदाकडे बघत बसतो. एक ठिपका उमटला तरी सगळं सोडून पुन्हा जोडतो. एवढं लिही. माणसाला धीर येतो.

भिंगरी : लिहिते.

वहिनी : लिहीत तर नाहीयेस.

भिंगरी : लिहिते गं. पाण्याचा रंग आला पुढे.

वहिनी : 'रंग नको, रंगाचा गाळ ब्लॉकमध्ये बसतो.' बघ, याला कळतं सगळं. आणि खाली? 'फिकट निळा चालेल.' हरला गडी! बायकोने हट्ट केला असणार, निळा पाहिजे म्हणून. बरं आहे बाई एखादीचं. मी पहिल्या मशीनच्या वेळी किती मागे लागले होते तुझ्या दादाच्या, थेंबभर निळं घालू या, काचेच्या नळीत किती छान दिसेल. ऐकलंन का? पाणी पाण्यासारखं दिसलं पाहिजे म्हणाला.

भिंगरी : वहिनी, आपण चहा घेऊ या का?

वहिनी : आत्ताच तर झाला. तोटी. पाणी काढायची तोटी डावीकडे हवी. टाकीचं झाकणही डाव्या हाताला. डावखुरा आहे वाटतं.

भिंगरी : नाही, उजवीकडे भिंत असेल.

वहिनी : तू जोडलेल्या खोलीच्या नकाशात भिंत डावीकडे आहे. हे बघ. भिंतीकडेच तोटी मागतोय, कारण हात तिकडे जातो त्याचा. दे तो पंपाचा कागद. 'पंप स्पंजावर बसवावा, तळाला टेकू देऊ नये. टेकला की...'

भिंगरी : तो मी बघते पंप. तू नळ्या सांग. मऊच घेऊ या, मला वाटतं. सोप्या पडतात, पटकन होतं, आणि...

वहिनी : 'टेकला की भिंतीआड डास असल्यासारखं वाटतं.'

भिंगरी : काहीतरी बोलतात लोक.

वहिनी : हे वाक्य कोणाचं आहे?

भिंगरी : गिऱ्हाइकाचं.

वहिनी : तुझ्या दादासाठी पहिलं मशीन केलं आपण. पंख्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये उतरतो म्हणून रडकुंडीला आला होता. मी प्रयोगशाळेतून काचेच्या नळ्या आणल्या, तू बुटाच्या खोक्यावर आकृती काढलीस. सुरू केल्यावर तो डोळे मिटून बसला आणि म्हणाला, भिंतीआड डास आहे. आपण दोघी खुर्चीवर चढून डास शोधत होतो. आठवतं?

भिंगरी : आठवतं.

वहिनी : पंप होता तो.

भिंगरी : कोणीही म्हणेल असं, वहिनी.

वहिनी : कोणीही म्हणत नाही. शंभराच्या वर मशीनं गेली आपल्या हातून. कोणी घरघर म्हणतं, कोणी गुणगुण म्हणतं. ती दातांची डॉक्टर म्हणाली होती, मांजर झोपल्यासारखं वाटतं. भिंतीआडचा डास मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलाय.

भिंगरी : बरं, दादाच आहे. झालं समाधान? त्याच्या परगावच्या नव्या कंपनीला हवंय. तुला सांगितलं असतं तर तू सगळी कामं बाजूला टाकून त्याच्याच मागे लागली असतीस. म्हणून म्हणाला, वहिनीला सांगू नकोस, नेहमीच्या ऑर्डरसारखं होऊ दे.

वहिनी : खरंच?

भिंगरी : मग काय खोटं सांगतेय?

वहिनी : तसं असेल तर फार बरं होईल. म्हणजे मला आत्ता हसायला येईल, आणि आपण चहा घेऊ. फक्त एक सांग. या नकाशात टेबलाच्या मागे चौकोन काढून तू त्यात 'पलंग' लिहिलंयस. कंपनीच्या स्टुडिओत पलंग कशाला?

भिंगरी : त्याची राहायची खोली... कंपनीने दिलेली खोली आहे, तिथेच तो काम पण...

वहिनी : खोलीत तिघं राहतात म्हणाला होता मला. म्हणून मी एकदाही गेले नाही तिकडे. दहा महिने. तिघं पुरुष, तू कुठे झोपणार, असं म्हणाला होता. आणि ही मापं. खिडकीपासून टेबल अडुसष्ट सेंटिमीटर. प्लगपासून जमीन एकतीस. टेबलाखालची मोकळी जागा साडेचोपन्न. गिऱ्हाइकाने दिलेली मापं अशी नसतात. गिऱ्हाईक म्हणतं, हातभर आहे बघा. ही तुझ्या टेपची मापं आहेत.

भिंगरी : वहिनी...

वहिनी : गेल्या महिन्यात तू प्रदर्शनाला गेली होतीस. नवे पंप बघायला. आलीस तेव्हा मी विचारलं, कसे आहेत, तर म्हणालीस काही खास नाहीत.

भिंगरी : नव्हतं प्रदर्शन.

वहिनी : हं.

भिंगरी : मला त्याने बोलावलं. मी गेले ते भांडायलाच गेले होते, खरं सांगते. दारात उभी राहून भांडणार होते. मग ती बाहेर आली.

वहिनी : कोण ती?

भिंगरी : लहान मुलांचे चित्रपट करते. चित्रं हलवते. दादाने तिच्या एका चित्रपटाचा आवाज केला होता, तेव्हापासून.

वहिनी : तू नको रडूस. तू रडलीस तर मला तुझं डोकं मांडीवर घ्यावं लागेल, आणि आज मला ते जमणार नाही. फोन दे. वर्कशॉपचा.

भिंगरी : नको ना गं. घरी जाऊन निवांत...

वहिनी : दे. वर्कशॉपच्या नंबरवरून केला की तो उचलतो. तू आहेस असं वाटतं त्याला. माझा नंबर दिसला की मीटिंगमध्ये असतो.

(वहिनी फोन लावते आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवते.)

दादा : हां, बोल गं. झाली का यादी? तिच्या काही लक्षात नाही ना आलं?

वहिनी : नमस्कार. वर्कशॉपमधून बोलतेय. आपल्या ऑर्डरबद्दल दोन प्रश्न विचारायचे होते.

दादा : अगं, तू?

वहिनी : आवाज येतोय ना? पहिला प्रश्न नळ्यांचा. मऊ हव्यात की कडक? मऊ नळी कुठेही मिळते, कोणीही कात्रीने कापून बदलू शकतं. कडक नळी आम्ही इथे आचेवर वाकवतो. काही झालं तर आमच्याकडेच यावं लागतं. आपल्याला पुन्हा इकडे यायचं आहे का?

दादा : अगं ऐक. मी सांगणारच होतो तुला. समोर बसून सांगायचं होतं, फोनवर नको म्हणून...

वहिनी : मऊ की कडक?

दादा : भिंगरी आहे का तिथे? तिला दे जरा.

वहिनी : भिंगरी रडतेय. मऊ की कडक?

दादा : मऊ.

वहिनी : मऊ. लिहून घेतलं. दुसरा प्रश्न. आपल्या घरातल्या बाईंनी विचारलंय, पाणी गळलं तर चित्रं जातील का. त्यांना माहीत आहे का, हे मशीन कोण करतंय?

दादा : तिला यात ओढू नकोस. तिचा काही दोष नाही. तिला वाटतं, आपलं दोघांचं केव्हाच संपलंय.

वहिनी : असं का वाटतं त्यांना?

दादा : मी सांगितलं तसं.

वहिनी : केव्हा सांगितलंत?

दादा : दीड वर्ष झालं.

वहिनी : दीड वर्षापूर्वी तू घरी होतास. मी तापाने पडले होते तेव्हा माझ्या उशाशी बसून पुस्तक वाचून दाखवलंस. ते हेच दिवस ना?

दादा : ते खरं होतं गं. तेही खरं होतं. मला नाही सांगता येत नीट.

वहिनी : मशीन माझ्याकडून का? गावात चार दुकानं असतील तिथे.

दादा : तुझ्यासारखं कोणी करत नाही. मी दोघांकडून करून बघितलं. आवाज येतो. रात्री डोकं फुटायची वेळ येते. तुला माहीत आहे, मला दुसरं काही चालत नाही.

वहिनी : माहीत आहे. चालवून घ्यावं लागेल. ठेवते.

भिंगरी : वहिनी? वहिनी, पाणी देऊ? अशी नको गं बसूस.

वहिनी : माझ्या हातचं हवंय त्याला. मी सोडून बाकी सगळं हवंय.

भिंगरी : मी त्याला म्हटलं होतं, हिला नको सांगूस करायला, लाज वाटू दे. तर म्हणाला, तू कर. तुला येतं. मला कुठे येतं? माझ्या हातून एक नळी धड वाकत नाही.

वहिनी : म्हणून माझ्यापुढे आणून ठेवलंस. नावाच्या जागी रेघ मारून.

भिंगरी : मला वाटलं, एकदाचं होऊन जाईल आणि विषय संपेल.

वहिनी : खरं सांगू? त्याचं मला फार नवल वाटत नाहीये. दहा महिन्यांत तीनदा आला घरी, आणि तिन्ही वेळा पाहुण्यासारखा. टॉवेल कुठे आहे, विचारायचा. कुठेतरी मला वाटत होतं, पण मी म्हणायचे, नवी नोकरी आहे, दमतो. पण तू? तू रोज नऊ वाजता येतेस. डबा उघडून माझ्या डब्यातलं खातेस. मी गेल्या आठवड्यात इथेच बसून तुला विचारलं होतं, तुझा दादा माझ्याशी बोलायचा बंद का झालाय. तू काय म्हणालीस?

भिंगरी : नको ना आता ते.

वहिनी : काय म्हणालीस?

भिंगरी : म्हटलं, तो लहानपणापासून तसाच आहे.

वहिनी : आणि मला बरं वाटलं गं. घरी जाऊन मी शांत झोपले त्या दिवशी.

भिंगरी : त्याने शपथ घातली होती मला. आणि मला वाटायचं, येईल परत. खरंच वाटायचं. चार महिन्यांत डोकं ताळ्यावर येईल, तुला काही कळायचंही नाही, सगळं होतं तसं होईल. आणि मला भीती वाटायची.

वहिनी : कसली?

भिंगरी : तू जाशील. तुझं आमच्याशी नातं काय आहे? त्याच्यावरूनच ना? तो गेला की तू गेलीस. मग मी काय करू? बुटाच्या खोक्यावर रेघा मारत बसू? लोक इथे तुझ्या नळ्या बघायला येतात, वहिनी. मला नुसतं बोलता येतं.

वहिनी : म्हणजे मला धरून ठेवण्यासाठी अंधारात ठेवलंस.

भिंगरी : तसं म्हण.

वहिनी : कशी आहे ती?

भिंगरी : नको विचारूस.

वहिनी : कशी आहे?

भिंगरी : चांगली आहे. बारीक आवाजात बोलते. बोटांना रंग लागलेला असतो. मी मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरून बसली होती. तिला वाटलं, मी तिला स्वीकारायला आलेय.

वहिनी : आणि तू?

भिंगरी : तिने जेवायला वाढलं.

वहिनी : मग?

भिंगरी : जेवले.

वहिनी : आईंना माहीत आहे?

भिंगरी : आईला मधे नको ना आणूस.

वहिनी : भिंगरी, तुझ्या आईला सकाळी गोळ्या मी देते. त्यांच्या गुडघ्याला पट्टा मी बांधते. त्यांना माहीत आहे का?

भिंगरी : मीच सांगितलं. एकटीला सोसवेना म्हणून सांगितलं. आई म्हणाली, तिला कळू देऊ नकोस, मी त्याला समजावते.

वहिनी : केव्हा?

भिंगरी : उन्हाळ्यात.

वहिनी : उन्हाळ्यात त्यांनी मला गळ्यातली साखळी काढून दिली. म्हणाल्या, तूच माझी लेक. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. पंधरा वर्षांत कधी एक गोड शब्द नाही, आणि एकदम लेक. मला वाटलं, म्हातारपणी माया फुटली.

भिंगरी : खोटं नव्हतं ते. तिचा जीव आहे तुझ्यावर.

वहिनी : असेल. पण तेव्हा कुणी मला विचारलं असतं, तुझ्या घरात कोण कोण आहे, तर मी तुमची तिघांची नावं घेतली असती. तुम्ही तिघं मला मधे बसवून माझ्या डोक्यावरून बोलत होतात.

भिंगरी : मार मला. शिव्या दे. पण अशी थंडपणे नको बोलूस.

वहिनी : थंड नाहीये. आज नळ्या वाकवायच्या दिव्यासमोर बसले तर नळीचं वाटोळं होईल. आणि तुला सांगून ठेवते, फोन ठेवल्यावर पहिलं काय आलं मनात. मांडणीवरचा तो ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला. काळा रंग मारला की कुणाला कळणार नाही. सहा महिने मस्त चालेल. मग हळूहळू आत चिखल होईल, आणि एक दिवस त्याचं सगळं काम...

भिंगरी : तू नाही तसं करणार.

वहिनी : का नाही? तुम्ही सगळे करता, मीच का नाही?

भिंगरी : तुला नाही जमणार.

वहिनी : हो. जमणार नाही. आणि याचाच राग येतोय मला, की हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर ऑर्डर इकडे आली. हिला कळलं तरी मशीन ही चांगलंच करेल, असं त्याने धरून ठेवलं होतं.

भिंगरी : मग करू नकोस ना! रद्द करू. मी सांगते त्याला.

वहिनी : मशीन मी करणार नाही. यादी मात्र पुरी करते. अर्धवट यादी या खोलीतून बाहेर गेलेली नाही आजवर. घे लिहून. रेडिएटर तांब्याचे दोन, जाड. पंखे सहा, सातशेच्या आतले. पंप एक, स्पंजाखाली रबराच्या चार गुंड्या, तेव्हा आवाज मरतो. हे कुठल्याच दुकानात सांगत नाहीत, सांगून ठेव. नळ्या मऊ, त्याने स्वतः निवडल्यात. तोटी डावीकडे. रंग फिकट निळा.

भिंगरी : निळा लिहू?

वहिनी : तिने मागितलाय ना? मग लिही. वर्षातून एकदा ब्लॉक उघडून धुवायचा, हेही लिही खाली. आता कागद मला दे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या हाताने लिहिते.

भिंगरी : काय लिहितेयस एवढं?

वहिनी : मघाशी सांगितलं तेच. वीज न देता एक दिवस, एक रात्र, खाली कोरा कागद. दुकानवाला टाळाटाळ करेल, करू देऊ नका, समोर बसून बघा. आणि खाली माझी सही. पूर्ण नाव, आडनावासकट. त्याच्याखाली घरचा पत्ता.

भिंगरी : वहिनी, आडनाव वाचलं की तिला कळेल. पत्ता तर दादाचाच आहे. अजून एकत्र राहता असं...

वहिनी : राहतच होतो. कळू दे. निदान तिला तरी वेळेवर कळू दे. तिने काय करायचं ते ती ठरवेल, पण ठरवायला मिळालं पाहिजे बाई. मला मिळालं नाही.

भिंगरी : दादा मला आयुष्यात माफ करणार नाही.

वहिनी : नाही करणार. हा लिफाफा. तू नेऊन द्यायचा. त्याच्या हातात नाही, तिच्या हातात. घर माहीत आहे तुला, जेवून आलीयस.

भिंगरी : आणि नाही दिला तर?

वहिनी : तर मला कळणारही नाही. तुझं तू बघ.

भिंगरी : देते. उद्या सकाळच्या गाडीने जाते. शप्पथ... नाही, शपथ नको. देते. पण मग सोमवारी मी इकडे येऊ ना? त्या दातांच्या डॉक्टरीणबाईचं मशीन अर्धं उघडं पडलंय. तिचा फोन आला तर तू कशी बोलशील तिच्याशी? तू तर गिऱ्हाइकाला घाबरवून सोडतेस.

वहिनी : किल्ली आहे तुझ्याकडे.

भिंगरी : किल्लीचं नाही गं विचारत मी, वहिनी.

वहिनी : वहिनी नको म्हणूस.

भिंगरी : मग काय म्हणू?

वहिनी : मला आत्ता काही सुचत नाहीये.